उसण भरायचे दिवस

मार्गशीर्ष लागला की माझी कंबर मला तिथी सांगते. सकाळी उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगावरून खाली सोडायचे, कोपरावर भार देऊन बसायचं आणि मगच उभं राहायचं, हे सगळं अंगवळणी पडलं आहे. तरी थंडीत पहिलं पाऊल टाकताना माकडहाडाच्या वर चिमटा बसतोच. परवा सूनबाई म्हणाली, "आई, थंडी आली वाटतं." मी म्हटलं, "तुला गं काय ठाऊक?" तर म्हणाली, "तुम्ही आज चहाच्या आधी देवाचं नाव घेतलंत."

चिखलीला आमच्या सोसायटीखालीच एका मुलीनं व्यायामाचं दुकान थाटलं आहे. फिजिओ म्हणतात तिला. गुडघे आणि कंबरा घेऊन आम्ही चार-पाच म्हाताऱ्या तिच्याकडे जातो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आजी, पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पोट आत ओढा आणि कंबर गादीला दाबून धरा." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी ते केलं होतं. तिनं माझ्या कमरेखाली हात घालून पाहिला, हात दबला.

"आजी, हे कुठे शिकलात?"

"चिंचवडला. पत्र्याच्या खोलीत."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. मीच शिकवलं."

तिला वाटलं, म्हातारी चेष्टा करते आहे. तेव्हापासून ती मला बाकीच्या बायकांसमोर नमुना म्हणून झोपवते.

मी घरीदारी सगळ्यांच्या पाठीमागे लागते, हे खरं आहे. सूनबाई सोफ्यावर मांडीत लॅपटॉप घेऊन पोक काढून बसली की मी जाता जाता तिच्या पाठीवर बोट टेकवते. सिलिंडरवाला वाकून टाकी उचलायला लागला की ओरडते, "अरे बाबा, गुडघ्यात बस, टाकी अंगाशी घे, पोट आवळ आणि मांड्यांनी ऊठ!" तो म्हणतो, "आजी, अजून पन्नास घरं करायचीत." वॉचमन तर मला पाहिलं की बिचारा खुर्चीत शाळेतल्यासारखा ताठ बसतो. घरातले म्हणतात, आईला पाठीचं वेड लागलं आहे. लागलंच आहे. ते का लागलं, हे मात्र मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, मुलालाही नाही.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. आईला त्यात मरणाचा त्रास झाला, पण गावाची सोय झाली. वाकता-उठताना पाठीत एकाएकी कळ भरते आणि माणूस जागच्या जागी अडकतो, तिला आम्ही उसण म्हणतो. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, अशी आमच्याकडची समजूत. दुखणेकऱ्यानं उंबऱ्यापाशी पालथं पडायचं. पायाळू माणसानं डाव्या पायानं कमरेला तीनदा लाथ द्यायची. त्या वेळी कोणी बोलायचं नाही. आणि नंतर तीन दिवस त्यानं वाकायचं नाही, ओझ्याला हात लावायचा नाही. बाईमाणसानं बाप्याला लाथ मारलेली एवढ्या एका कामात चालायची, त्यामुळे लग्नाआधी मला त्याची गंमतच वाटत असे.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी चिंचवडला आले तेव्हा माझा हा गुण माझ्याआधीच येऊन पोचला होता. दुष्काळानंतरची ती दुसरी थंडी. दुष्काळात आम्ही दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. तिथून उठून हे नोकरीच्या मागं आले आणि ओतकामाच्या एका कारखान्यात टेंपरवारी लागले. पत्र्याच्या बारा खोल्या, त्यांना एक नळ, आणि नळापाशी दिवसभर चिखल. सकाळी पवना नदीवरून धुकं यायचं आणि त्यात कारखान्यांच्या जळक्या वाळूचा वास मिसळलेला असायचा. भोंगा झाला की मफलर गुंडाळलेली माणसं सायकलींवरून धुक्यात शिरायची, तेव्हा नुसत्या घंट्या ऐकू यायच्या. तो वास अजूनही कधी कधी नाकाशी येतो.

कारखान्यात वाळूचे साचे भरायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. साच्याच्या लोखंडी पेट्या दोघादोघांनी उचलायच्या, वाकून आणि कमरेत वळून पलीकडे ठेवायच्या, शिफ्टभर तेच. भट्टीपाशी घामानं निथळायचं आणि सुटल्यावर त्याच ओल्या अंगानं सायकलवर थंडी खायची. थंडी पडली की कंबरा धरायला लागायच्या. रविवारी माझ्या उंबऱ्यापाशी रांग लागायची. "वैनी, पाय लागू द्या," म्हणत आडदांड बाप्ये लेकरांसारखे पालथे पडायचे. मी पदर खोचून, डोळे मिटून तीन लाथा द्यायची. ते उठायचे, कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे वळून पाहायचे आणि म्हणायचे, "हलकं झालं बगा." मला किती बरं वाटायचं तेव्हा. परक्या गावात मला मान मिळाला तो माझ्या डाव्या पायामुळे.

शेजारच्या खोलीत नामदेवभाऊ आणि गोदाबाई राहायचे. बीडकडची माणसं. यांना कंपनीत चिकटवलं ते नामदेवभाऊंनीच, मुकादमाच्या चार दिवस मागं लागून. आमच्याकडे स्टोव्ह नव्हता तोवर माझा स्वयंपाक गोदाबाईच्या स्टोव्हवर व्हायचा. ती भाकरी थापायची आणि मी कालवण करायची. नामदेवभाऊ आणि हे, दोघंही टेंपरवारी. काही महिने काम, मग आठ-दहा दिवसांचा ब्रेक, मग पुन्हा नव्यानं भरती. कायम व्हायचं म्हणजे डॉक्टरची तपासणी पार करायची. त्या थंडीत बातमी आली की संक्रांतीनंतर काही जणांना पर्मनंट करणार आहेत. जागा चार होत्या आणि यादीत नावं सात होती. दोघांचीही नावं त्यात होती. गोदाबाईनं त्या दिवशी शिरा केला होता.

पर्मनंट म्हणजे काय, ते आज सांगून कळणार नाही. पर्मनंट म्हणजे पुन्हा खडी फोडायची नाही. मला अजून स्वप्नात ती खडी दिसते. उन्हानं तापलेले ते ढीग, आणि हातोडीचा दांडा धरून सोललेले तळवे. तिकडे परत जायचं नाही, एवढं एकच मला तेव्हा देवाकडे मागायचं होतं.

आणि पौष लागता लागता यांना उसण भरली.

पेटी उचलताना कमरेत काहीतरी सटकलं म्हणाले. कोणाला न कळू देता शिफ्ट काढली. सायकल हातात धरून चालत घरी आले आणि दारातच चौकटीला धरून उभे राहिले. त्यांना बसता येईना की वाकता येईना. मी बाहेर हाक मारणार तोच माझा हात दाबला. "गप. नामदेवला बी सांगायचं न्हाई. कंपनीत कळलं तर नाव कटंल."

"मग?"

"तुझा पाय हाय की."

घरच्या माणसाला लाथ मारायची मला धास्ती वाटत होती. नवऱ्याला पाय लावायचा म्हणजे पाप, असंच शिकवलेलं. पण ते पालथे पडले आणि म्हणाले, "जरा जोरात दे. हलक्यानं हुयाचं न्हाई ह्ये." मी दिली. तिसऱ्या लाथेला त्यांनी उशी तोंडात धरली. कळ कमरेतून जी निघाली ती मांडीतून पोटरीपर्यंत गेली आणि पाऊल बधिर झालं. मोरीपर्यंत जायला त्यांना माझ्या गळ्यात हात टाकावा लागला. मी त्यांना झोपवलं आणि स्टोव्हपाशी बसून पदरात तोंड घालून रडले. माझ्या पायानं माझ्याच संसाराची कंबर मोडली, दुसरं काय म्हणणार?

नशीब एवढंच की दुसऱ्याच दिवसापासून यांचा ब्रेक सुरू झाला. नाहीतर त्याच आठवड्यात सगळं संपलं असतं.

ते चार दिवस मी झोपले नाही की जेवले नाही. नुसता विचार करत होते. गावी ज्यांना ज्यांना बरं वाटलं होतं त्यांचे चेहरे आठवत होते. आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली, ती इतकी साधी होती की मला माझीच लाज वाटली. गावी लोक लाथेनंतर तीन दिवस वाकत नसत. बायको पाणी हातात आणून देई, भाऊ गुरं पाही. त्या तीन दिवसांच्या आरामानं पाठ बरी व्हायची. माझा पाय नुसता निमित्ताला होता. चिंचवडला मात्र खाडा केला तर काम जायचं, म्हणून लोकांनी पथ्य टाकून दिलं आणि लाथ तेवढी ठेवली होती. पायाळूचा पाय लागला, आता आपल्याला काही होत नाही, असं म्हणत ते दुसऱ्या दिवशी दुप्पट जोरानं पेट्या उचलायचे. दर रविवारी मी त्यांना पुन्हा तिथंच ढकलत होते. रांग का वाढत होती, ते मला तेव्हा कळलं.

पाचव्या दिवशी नळावर हंडा भरताना मी स्वतःकडे पाहिलं. रोज दहा-बारा खेपा करून माझी कंबर का दुखत नाही? मी हंड्यावर वाकत नव्हते. गुडघ्यात बसत होते, हंडा पोटाशी घेत होते, श्वास धरून पोट आवळत होते आणि मांड्यांवर उठत होते. वळायचं झालं तर कमरेतून न वळता पावलं टाकून वळत होते. हे मला आत्यानं लहानपणी टपल्या मारून शिकवलं होतं. बायका नळावर रोज करत होत्या ते कारखान्यातल्या एकाही बाप्याला येत नव्हतं, आणि आम्हालाही आपण काही विशेष करतो हे ठाऊक नव्हतं.

मग मी यांना शिकवायला सुरुवात केली. कळ जरा ओसरल्यावर पाठीवर झोपवलं, गुडघे वाकवायला लावले. त्यांच्या कमरेखाली पोकळी होती, तिच्यात मी माझा तळहात सरकवला आणि म्हटलं, "पोट आत ओढून माझा हात दाबा." पहिल्या दिवशी हात दबलाच नाही. तिसऱ्या दिवशी थोडा दबला. मग खांदे आणि पावलं जमिनीवर ठेवून नुसतं बूड उचलायचं, दहा आकडे मोजायचे, सावकाश खाली. त्यांना घाम फुटायचा. म्हणायचे, "पेटी परवडली, ही शिक्षा नगं." थोडं चालायचं, पुन्हा झोपायचं. रात्री कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी. हे सगळं कोणी सांगितलेलं नव्हतं. जिथं कळ वाढेल ते सोडायचं आणि जिथं कमी होईल ते धरायचं, असं आंधळ्यानं भिंत चाचपावी तसं आम्ही चाललो होतो.

ब्रेक संपला आणि यांना दुसरी शिफ्ट मिळाली. मग सकाळी नामदेवभाऊ पहिल्या शिफ्टला गेले की मी आतून कडी लावायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आधी रिकामा हंडा, मग पाव भरलेला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हे मान ताठ ठेवून चालायचे. पोक काढलं की हंडा सांगायचा. खाली ठेवायचा तो गुडघ्यात बसून, उचलायचा तो पोट आवळून. बायकांचं काम म्हणून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "कुणी बघितलं तर गाव सोडावं लागंल," म्हणायचे. त्या फिजिओ मुलीला आज हे सांगितलं तर ती कपाळाला हात लावील. दुखऱ्या पाठीच्या माणसाच्या डोक्यावर ओझं! पण आमच्याकडे दुसरं काय होतं?

बाहेर बायकांना वेगळीच शंका. दिवसाढवळ्या कडी म्हटल्यावर गोदाबाई मोठ्यानं म्हणायची, "लागू द्या गं, अजून नवी नवरीच हाय." एकदा हंडा हिंदकळला आणि दाराखालून पाणी बाहेर गेलं. "आगं, पन ह्ये पानी कशाचं?" मी आतून म्हटलं, "फरशी धुतेय." "रोज?" आणि सगळ्या खो खो हसल्या. मीही आत तोंडाला पदर लावून हसले. त्या सगळ्या दिवसांत मी एकदाच हसले असेन.

कामावरही हे तसेच उचलायला लागले. मुकादम ओरडायचा, "काय बायकांवानी बसून उचलतोस रं?" हे खाली मान घालून ऐकून घ्यायचे. पावलातली बधिरता हळूहळू गेली. तपासणीला पंधरा दिवस राहिले होते आणि मला पहिल्यांदा वाटलं की जमेल.

त्याच आठवड्यात नामदेवभाऊ आले. एका बाजूला कलले होते, गोदाबाईनं काखेत धरलेलं. "वैनी, उसण भरली. तुमचा पाय लागू द्या येकडाव. तपासनी जवळ आली." बोलता बोलता ते उंबऱ्यापाशी पालथे पडलेसुद्धा.

मला सगळं ठाऊक होतं. त्यांना आत घेऊन पाठीवर झोपवायचं, कमरेखाली हात सरकवायचा, चार दिवस ओझं टाळायला सांगायचं. ते जमत नसेल तर निदान कसं उचलायचं ते दाखवायचं. एवढंच तर होतं. मी वळून आत पाहिलं. हे भिंतीपाशी उभे होते. त्यांनी मान हलवली, नाही. शिकवलं तर विचारतील, तुम्हाला कसं ठाऊक. सांगितलं तर यांच्या पाठीची गोष्ट कंपनीत जाईल. आणि याहून वाईट असं काहीतरी माझ्या मनात होतं. जागा चार होत्या.

मी डोळे मिटले आणि तीन लाथा दिल्या. नामदेवभाऊ उठून हसले. "हलकं झालं बगा." दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला गेले.

ते पुढच्या रविवारी पुन्हा आले. मग आठवड्यात मधल्याच एका दिवशी आले. मी तिन्ही वेळा लाथ दिली. पहिल्यांदा घाबरून दिली असं मी स्वतःला समजावत आले आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेचं काय? तिसऱ्या वेळी तर मी हळू दिली, आणि त्यालाच मी दया समजले.

तपासणीत डॉक्टरनं दोघांनाही टेबलावर झोपवून सरळ पाय वर उचलून पाहिला. यांचा पाय उभा गेला. नामदेवभाऊंचा वीतभर उचलला आणि ते ओरडले. हे मला यांनीच सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. त्यानंतर आमच्यात हा विषय कधी निघाला नाही. हे निवृत्त होईपर्यंत त्याच कंपनीत होते. मरेपर्यंत पाठ ताठ. लोक म्हणायचे, म्हाताऱ्यानं काय पाठ राखली आहे! मी तिथून उठून आत जायची.

नामदेवभाऊंचं काम सुटलं, आणि गावी परत जायच्या दिवशी सकाळी गोदाबाई माझ्याकडे आली. सामान बांधून झालं होतं. नामदेवभाऊ बाहेर सायकलीला टेकून उभे होते, कारण बसलं की उठता येत नव्हतं. आता गावी काय करणार, असं मी विचारलं. "खडी फोडाया बी जमायचं न्हाई त्यान्ला. मी फोडीन," ती म्हणाली. मग तिनं पदराच्या गाठीतून हळदीकुंकवाची पुडी काढली आणि माझ्यासमोर गुडघ्यात बसली, पाठ सरळ ठेवून, नळावर आम्ही सगळ्याच बसायचो तशी.

"तुमी तर हुतं तेवढं केलं, वैनी. तीनदा पाय लावला. दुसरं कोन करतंय कुनासाठी?"

तिनं माझ्या डाव्या पावलावर हळद लावली, कुंकू लावलं आणि कपाळ टेकवलं. आत हे उभे होते. मी पाय मागे घेतला नाही.